चोरटी प्रत आणि बंद टॉकीज

हक्कधारकाची परवानगी न घेता चित्रपटाची प्रत काढणे, ती इतरांना पुरवणे किंवा लोकांना दाखवणे याला व्यवहारात पायरसी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ती मुदत सरली की चित्रपट सर्वांचा होतो. प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’वरचा हक्क केव्हाच संपला आहे, गेल्या शुक्रवारी लागलेल्या चित्रपटावरचा हक्क मात्र आजच्या तरुणाच्या म्हातारपणापर्यंत टिकणार आहे.

चोरीचे साधन दर पिढीला बदलत गेले. ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हीसीआर आले आणि गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली. त्या धास्तीतूनच १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक झाला आणि सहा महिने ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आली. पुढे फुटपाथवर सीडी विकल्या जाऊ लागल्या. मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड ‘भरून’ मिळू लागले. आता दुकानाचीही गरज उरलेली नाही. विनापरवाना संकेतस्थळे आणि टेलिग्रामवरच्या वाहिन्या चित्रपट थेट हातातल्या फोनवर आणून देतात.

चोरटी प्रत मुख्यतः तीन वाटांनी बाहेर पडते. कोणी चित्रपटगृहात बसून पडद्याचे चित्रण करतो. ही कॅम प्रिंट, तिच्यात प्रेक्षकांचा खोकलाही ऐकू येतो. दुसरी वाट धंद्याच्या आतून फुटते, संकलन कक्ष, प्रयोगशाळा किंवा परीक्षणासाठी दिलेली प्रत यांतून. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाहेर आला, तेव्हा त्या प्रतीवर ती सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. तिसरी वाट ओटीटीची. चित्रपट तिथे आला की कुलूप तोडून काही तासांत त्याची स्वच्छ प्रत तयार होते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन बाजू तळमळीने मांडल्या जातात. एक चित्रपटाच्या धंद्यातून येते, दुसरी जिथे चित्रपट पोहोचतच नाही तिथून येते. पुढील संवाद योजलेला आहे. त्यात पहिली बाजू मराठी चित्रपटांचे एक वयस्कर वितरक मांडतात आणि दुसरी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. वस्तू लोकांपर्यंत पोहोचवणे हेच दोघांचे काम असल्यामुळे त्यांचा वाद खरा आहे.

वितरक : ताई, आमचा माल नाशवंत आहे. द्राक्षाचा घड आणि मराठी सिनेमा, दोन्ही वेळेत विकले नाहीत तर मातीमोल. शुक्रवारी सिनेमा लागतो. शनिवार-रविवारची गर्दी बघून थिएटरवाला ठरवतो की शो ठेवायचा की काढायचा. त्याच आठवड्यात मोठा हिंदी सिनेमा आला तर आम्हाला दुपारचा एखादा शो मिळतो. मराठी सिनेमाची गर्दी हळूहळू जमते, बघून आलेला माणूस चार जणांना सांगतो तेव्हा. त्या चार जणांना सोमवारी लिंक मिळाली तर ते थिएटरला येतील कशाला? मंगळवारी आमचा बोर्ड उतरतो.

ग्रंथपाल : काका, तुमचा शुक्रवार आमच्या गावात येतच नाही. आमची टॉकीज बंद पडून तिथे मंगल कार्यालय झाले. मल्टिप्लेक्स जिल्ह्याच्या गावाला. चौघांचे घर निघाले तर तिकिटे, एसटी, पोरांचे खाणे, आणि शेवटचा शो सुटल्यावर परतीची गाडी नाही. एवढे करून गेले तर तुमचा मराठी शो दुपारी तीनचा, म्हणजे रोजगार बुडवून बघायचा. आमच्याकडचा माणूस थिएटरचे गिऱ्हाईक सोडून चोरीकडे वळला असे तुम्ही धरून चालता. तो तुमचे गिऱ्हाईक कधी नव्हताच.

वितरकांचे म्हणणे पहिल्या आठवड्याभोवती फिरते आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील चित्रपटांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की प्रदर्शनानंतर प्रत फुटली तर जे उत्पन्न होते त्यापेक्षा प्रदर्शनापूर्वी फुटल्यास ते सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे नुकसान किती, हे चोरी केव्हा झाली यावर बरेच अवलंबून असते. ग्रंथपाल बाईंच्या म्हणण्यालाही तोड नाही. न परवडणाऱ्याने पाहिलेली प्रत म्हणजे बुडालेले तिकीट, असे समीकरण मांडता येत नाही. एकूण तोट्याचे आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. ईवाय या सल्लागार संस्थेने इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडियाबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात भारतातील पायरसीची उलाढाल २०२३ साली २२,४०० कोटी रुपयांची धरली आहे. त्यातील १३,७०० कोटी चित्रपटगृहांतून चोरलेल्या आणि ८,७०० कोटी ओटीटीवरून चोरलेल्या मालाचे. अहवाल उद्योगाच्या बाजूचा आहे. तरीही पाहणीतील ५१ टक्के लोक चोरटा माल पाहतात, ही त्यातली गोष्ट कोणत्याही गावच्या पारावर पटेल.

ग्रंथपाल : आणि चोरीने सिनेमा मरतो म्हणता, तर ‘सैराट’ कसा जगला? २९ एप्रिल २०१६ ला लागला. थिएटरांत गर्दी होती तेव्हाच त्याची चोरटी प्रत फोनवरून फोनवर जात होती. तरी मराठीत त्याआधी कधी झाली नव्हती एवढी कमाई झाली, शंभर कोटींच्या वर. फोनवर बघितलेली पोरे पुन्हा ट्रॅक्टर भरभरून थिएटरला गेली.

वितरक : ‘सैराट’ हा पूर होता, ताई. पुराला बांध अडवत नाही. त्यावरून विहिरीचा हिशेब करू नका. बाकीच्या मराठी सिनेमांना एवढा जोर नसतो. दीड-दोन कोटींचा सिनेमा, त्यात निर्मात्याने घर गहाण ठेवलेले. सरकारचे अनुदान मिळाले तर ‘अ’ दर्जाला चाळीस लाख, ‘ब’ ला तीस लाख, तेही नंतर. ओटीटीवाले आता विचारतात, थिएटरला किती धंदा केला? पहिल्या आठवड्यात चोरी झाली की थिएटरचा आकडा पडतो, आकडा पडला की ओटीटीचा भाव पडतो. एकाच चोरीत माणूस दोनदा लुटला जातो.

हा मुद्दा मराठीपुरता फार वजनाचा आहे. हिंदी चित्रपटाला परदेशातले पडदे, संगीताचे हक्क, उपग्रह वाहिन्या आणि इतर भाषांतील रूपांतरे असे अनेक झरे असतात. मराठी चित्रपटाचे झरे थोडे आणि उथळ. अमेरिकेत किंवा आखाती देशांत मराठी मंडळे सभागृह घेऊन एखादा खेळ लावतात, तेवढाच बाहेरचा आधार. मोठ्या उद्योगाला जो तोटा ताळेबंदातली एक ओळ वाटतो, तो लहान भाषेच्या चित्रपटात दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट होणार की नाही हे ठरवतो.

ग्रंथपाल : मी चोरीची वकिली करत नाही, काका. मी वाचनालय चालवते. एक पुस्तक विकत घेते आणि शंभर माणसांना वाचायला देते. लेखकाचे त्यात वाटोळे होत नाही, उलट त्याचा वाचक तयार होतो. सिनेमासाठी असे वाचनालय कुठे आहे? ओटीटीचे खाते मी विकत घेऊन गावाला दाखवले तर तोही गुन्हा. सगळे खासगी, सगळे महिन्याच्या वर्गणीवर, आणि एक सिनेमा एका ठिकाणी तर दुसरा भलत्याच ठिकाणी.

वितरक : मग त्याला उत्तर स्वस्त अधिकृत माल हे आहे. चोरटा माल नव्हे.

ग्रंथपाल : तो आला होता तेव्हा लोकांनी घेतलाच ना! मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना काढली. फुटपाथवरच्या चोरट्या सीडीच्या भावात खरा माल. आमच्या बाजारात तेव्हा खोक्यातून लोक निवडून निवडून सिनेमे घ्यायचे. भाव ठीक असला तर माणूस खऱ्याकडे जातो.

भावाचा मुद्दा अभ्यासकांनीही लावून धरला आहे. अमेरिकेच्या सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये भारत, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांतील पायरसीवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की या देशांत पायरसी हा मुळात किमतीचा आणि पुरवठ्याचा प्रश्न आहे. अधिकृत वस्तूचा भाव स्थानिक मिळकतीशी जुळत नाही, तोवर धाडी टाकून फारसे साधत नाही. ईवायच्या अहवालातही ६४ टक्के चोरटे प्रेक्षक, मध्ये जाहिराती आल्या तरी चालतील पण अधिकृत चित्रपट फुकट मिळाला तर तिकडे वळू, असे सांगतात. उद्योगाने मागवलेल्या अहवालानेच ग्रंथपाल बाईंची बाजू अशी उचलून धरली आहे.

तरी एका ठिकाणी ही बाजू लंगडी पडते. वाचनालयाने पुस्तक एकदा तरी विकत घेतलेले असते. विनापरवाना संकेतस्थळ काहीच विकत घेत नाही.

वितरक : फुकट म्हणजे काय हो, ताई? त्या संकेतस्थळाला पैसे मिळतातच. तुम्ही ‘प्ले’ दाबले की चार खिडक्या उघडतात. त्यात सट्ट्याची अ‍ॅप, जुगार, घाणेरड्या जाहिराती, फोनमध्ये शिरणारे व्हायरस. तुमच्या वाचनालयात येणारा नववीतला पोरगा सिनेमा शोधायला जातो आणि सट्ट्याच्या दारात उभा राहतो. माझ्या कॅमेरामनने, स्पॉटबॉयने, गाणे लिहिणाऱ्याने मेहनत केली आणि तिच्यावर परदेशात बसलेला कोणी अनोळखी माणूस सट्टेवाल्याकडून पैसे घेतो. गरिबाची सोय म्हणून हे चालवायचे?

ग्रंथपाल : ते मला मान्य आहे. पोरांच्या फोनमध्ये काय शिरते ते मी रोज बघते.

या व्यवहारातली सर्वात मोठी लबाडी इथेच आहे आणि ती फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते. चोरट्या संकेतस्थळाचे गिऱ्हाईक प्रेक्षक नसतो, जाहिरातदार असतो. चित्रपट हे आमिष, आणि विकले जाते ते पाहणाऱ्याचे लक्ष, त्याच्या फोनमधली माहिती आणि कधी त्याचे बँक खाते. ज्ञान सर्वांच्या हक्काचे वगैरे भूमिकेशी या धंद्याचा संबंध नाही.

त्याला आवर घालण्यासाठी कायद्याने बरीच हत्यारे जमवली आहेत. महाराष्ट्राने एमपीडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला ‘व्हिडिओ पायरेट्स’ही बसवले, त्यामुळे अशा माणसाला स्थानबद्ध करता येते. केंद्राच्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आहे, आणि दंड ३ लाख रुपयांपासून चित्रपटाच्या तपासलेल्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. डिजिटल प्रतीत डोळ्याला न दिसणारी खूण असते. कॅम प्रिंट हाती आली की ती कोणत्या चित्रपटगृहात आणि कोणत्या वेळी चित्रित झाली, हे त्यावरून काढता येते.

संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र रक्तबीजाशी गाठ आहे. एक पत्ता बंद केला की त्याच नावाचे, शेपटी बदललेले दहा पत्ते उभे राहतात. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्ही या चित्रपट कंपनीच्या खटल्यात नवा उपाय दिला. मूळ संकेतस्थळ मुख्यतः चोरीसाठीच चालते असे सिद्ध झाले, तर त्याची पुढे उगवणारी प्रतिबिंबेही नव्याने खटला न भरता त्याच आदेशात ओवता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, जे चित्रपट अजून तयारही झालेले नाहीत त्यांनाही हे संरक्षण दिले. एकेक पत्ता बंद करून काही होत नाही, पण अनेक एकदम बंद केले तर होते, असे ब्रिटनमधील अनुभवावरून दिसते. तिथे २०१३ मध्ये १९ संकेतस्थळे एकाच सुमारास बंद झाल्यावर ती वापरणाऱ्यांचा अधिकृत सेवांचा वापर सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. त्याआधी एकटे ‘पायरेट बे’ हे संकेतस्थळ बंद केले होते तेव्हा असा फरक पडला नव्हता.

ग्रंथपाल : पण या जाळ्यात भलतेच मासे सापडतात, काका. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश झाला, दोन हिंदी सिनेमांसाठी. यादीत दोन हजार सहाशेच्या वर पत्ते. त्यात इंटरनेट अर्काइव्ह होते! जगातले मोठे डिजिटल ग्रंथालय. जुनी मराठी पुस्तके, मासिकांचे अंक, जे माझ्या कपाटात कधी येणार नाहीत ते मी तिथून वाचकांना काढून देते. दोन सिनेमांच्या गल्ल्यासाठी देशभर ते बंद झाले. यादी कोणी तपासली?

वितरक : ती चूक झाली. ती आमच्या बाजूची चूक, मान्य. वकिलाकडे यादी दिली की ती कोणी वाचत नाही.

ही भीती न्यायालयांनीही ओळखलेली आहे. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ प्रदर्शित होण्याआधी निर्मात्यांनी सरसकट बंदी मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी प्रत्येक पत्त्यामागे पुरावा मागितला. बंद पानावर झळकणाऱ्या इशाऱ्याचीही त्यांनी दखल घेतली. असा चित्रपट नुसता पाहणे हाच गुन्हा असल्याचा समज तो इशारा करून देत होता. गुन्हा पाहण्यात नसून परवानगीविना वाटण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. कायदा कोणाच्या मागे लागला पाहिजे, हे त्यातून नेमके कळते. गावातल्या मुलाला घाबरवून काही मिळत नाही. प्रत फोडणारा आणि तिच्यावर जाहिराती विकणारा, हे दोघे पकडले गेले पाहिजेत.

संवादाचा शेवटचा भाग जुन्या चित्रपटांचा आहे, आणि इथे वितरकांची बाजू सर्वात दुबळी ठरते.

ग्रंथपाल : नव्या सिनेमाचे तुम्ही म्हणता ते खरे धरू. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी मराठी सिनेमे कुठेच मिळत नाहीत. ना ओटीटीवर, ना डिस्कवर. निर्माता वारला, वारसांत वाद, निगेटिव्ह कुठल्या गोदामात आहे कोणाला ठाऊक नाही. मग कोणीतरी दूरदर्शनवरून टेप केलेला सिनेमा इंटरनेटवर चढवतो. तो चोर? माझ्या मते त्याने तो सिनेमा जगवला.

वितरक : कायद्याने चोरच. पण ताई, त्याच्यावर खटला भरायला मी जाणार नाही.

वितरकांचे हे उत्तर प्रामाणिक आहे. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असूनही आपल्या मूकपटांपैकी अगदी मोजकेच उरले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आगीत जुनी नायट्रेट रिळे जळून गेली. ज्या देशात मूळ प्रती अशा नाहीशा होतात, तिथे हक्कधारकाने साठ वर्षांचा हक्क कवटाळून बसणे आणि चित्रपट मात्र कोणालाच न दाखवणे, हाही प्रेक्षकांवरचा अन्यायच आहे. शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाची चोरी आणि चाळीस वर्षे डब्यात पडलेल्या चित्रपटाची विनापरवाना प्रत, ही दोन कृत्ये कायद्याच्या एकाच कलमात बसतात, पण त्यांचे वजन एक नाही. पहिल्याने जिवंत माणसांची मजुरी बुडते. दुसऱ्याने बहुधा कोणाचेच काही बुडत नाही.

वितरक : मग करायचे काय, ते सांगा. तुमच्या गावात मी टॉकीज बांधू शकत नाही.

ग्रंथपाल : टॉकीज नको. माझ्याकडे सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे. तुमचा सिनेमा थिएटरमधून उतरला की मला एका खेळाची परवानगी द्या, ठरावीक रक्कम घ्या. तीस-चाळीस रुपयांचे तिकीट गावातली माणसे आनंदाने काढतील. फिल्म सोसायट्या हेच करत आल्या. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, आणि पुण्याच्या संग्रहालयाने सोसायट्यांना अभ्यासासाठी सिनेमे दिलेच ना?

वितरक : परवानगी देता येईल. आजवर कोणी मागितली नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. पण मग पहिल्या महिन्यात तुमच्या वाचनालयात लिंक फिरता कामा नये. फिरली तर तुम्ही कळवायचे.

कळवण्याची सोय आता आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने स्वतःच्या आणि चित्रपट परीक्षण मंडळाच्या कार्यालयांत नोडल अधिकारी नेमले. तक्रार खरी ठरली आणि त्यांनी आदेश दिला, की चोरटा चित्रपट ४८ तासांत काढून टाकावा लागतो. तक्रार करण्याचा पहिला अधिकार हक्कधारकाचा. मात्र इतर कोणी तक्रार केली तर तिच्या खरेपणाची सुनावणी घेण्याची मुभा या अधिकाऱ्यांना आहे. म्हणजे तालुक्यातल्या ग्रंथपालालाही हे दार बंद नाही. गावच्या वाचनालयाला रास्त रकमेत खेळाची परवानगी देण्याचे दार मात्र निर्मात्यांनीच उघडायचे आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, हक्कधारकाचे एक पत्र पुरते.